कारागृहातील महिलांची व्यसनमुक्ती : प्रवेशाच्या दिवसापासून सुटकेनंतरच्या वर्षापर्यंत

अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या स्त्रीच्या जिवाला सर्वाधिक धोका कारागृहातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने, म्हणजे जीवघेण्या अतिमात्रेने, मृत्यू येण्याचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या १२९ पट असल्याचे त्यात आढळले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९८ ते २००० या काळात सुटलेल्या कैद्यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षात १०० स्त्रिया दगावल्या होत्या. त्याच वयाच्या सर्वसामान्य स्त्रियांमध्ये हा आकडा आठच्या आसपास अपेक्षित होता. त्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांत झालेला प्रत्येक मृत्यू अमली पदार्थांशी निगडित होता.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. नियमित सेवनाने शरीर ज्या मात्रेला सरावलेले असते, तो सराव काही आठवड्यांच्या खंडातच ओसरतो. तलफ मात्र शिल्लक राहते, आणि सुटलेली स्त्री जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेते तेव्हा तिचा श्वास थांबतो. म्हणून ‘कारागृहात असताना तिने दोन वर्षे काहीही घेतले नाही’ हे वाक्य यशाचा पुरावा म्हणून वापरणे घातक ठरू शकते. बंद दाराआड मिळालेली निर्व्यसनता ही उपचाराची संधी आहे, तो उपचार नव्हे. या लेखातील सर्व पायऱ्या एकाच भूमिकेवर उभ्या आहेत : सुटकेनंतरच्या आयुष्याची आखणी प्रवेशाच्या दिवशीच सुरू झाली पाहिजे, आणि कारागृहात केलेल्या प्रत्येक गोष्टीची कसोटी ‘हे दाराबाहेर टिकेल का’ हीच असली पाहिजे. हा लेख प्रामुख्याने कारागृहातील वैद्यकीय कर्मचारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी यांच्यासाठी आहे; कुटुंबीयांनाही त्यातील उत्तरार्ध उपयोगी पडेल.

स्त्रियांसाठी वेगळा विचार का

बहुतेक ठिकाणी कारागृहातील व्यसनमुक्तीचे कार्यक्रम पुरुषांसाठी बेतले गेले आणि स्त्रियांना ते जसेच्या तसे लावले गेले. स्त्री कैद्यांची संख्या कमी असल्यामुळे वेगळी तरतूद परवडत नाही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. प्रत्यक्षात अमली पदार्थांचा प्रश्न त्यांच्याकडे अधिक दाट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार, जगभरच्या कारागृहांतील स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के अमली पदार्थांच्या गुन्ह्यांखाली होत्या. पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के होते.

व्यसनाचा मार्गही वेगळा असतो. पहिल्या सेवनापासून पूर्ण व्यसनापर्यंतचे अंतर अनेक स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी काळात पार करतात. बालपणीचे लैंगिक शोषण, घरातील मारहाण, त्यातून आलेले नैराश्य आणि निद्रानाश यांवरचा स्वतःपुरता शोधलेला उपाय म्हणून अनेकींचे सेवन सुरू झालेले असते. पदार्थ हातात देणारा पुष्कळदा पती किंवा जोडीदार असतो, आणि त्यामुळे व्यसन सोडणे म्हणजे नाते, छप्पर आणि कधी कधी मुलांचा सहवासही सोडणे ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर २०१० रोजी स्वीकारलेल्या ‘बँकॉक नियमां’मध्ये, म्हणजे स्त्री कैद्यांना कसे वागवावे याच्या नियमावलीत, याची दखल आहे. त्यांतील १५ वा नियम सांगतो की कारागृहातील व्यसनोपचार खास स्त्रियांसाठी आखलेले असावेत आणि त्यांत पूर्वी झालेले अत्याचार, गर्भारपण व लहान मुले यांचा विचार असावा. नियमावलीत एकूण ७० नियम आहेत. स्त्रियांच्या कारागृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी संपूर्ण वाचावेत, कारण वरिष्ठांशी वाद घालण्याची वेळ येते तेव्हा स्वतःच्या मतापेक्षा त्यांचा आधार अधिक उपयोगी पडतो.

पहिली पायरी : प्रवेशाच्या दिवशीची तपासणी

ही तपासणी पहिल्या चोवीस तासांत व्हावी, शक्यतो स्त्री डॉक्टर किंवा परिचारिकेने करावी, आणि पहारेकऱ्याला बोलणे ऐकू जाणार नाही अशा जागी करावी. सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की येथे दिलेली माहिती उपचारासाठी आहे, ती खटल्यात वापरली जाणार नाही. हे आश्वासन देण्यापूर्वी ते आपल्या व्यवस्थेत खरोखर पाळले जाते याची खात्री करून घ्यावी, कारण एकदा ते मोडले की ती बातमी बराकीत पसरते आणि पुढची प्रत्येक स्त्री खोटे बोलते.

कोणता पदार्थ, किती, कोणत्या मार्गाने आणि शेवटचा केव्हा घेतला, हे चार प्रश्न प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्रपणे विचारावेत. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांबद्दल मुद्दाम वेगळे विचारावे. बऱ्याच स्त्रिया डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांना नशा समजत नाहीत, आणि याच गोळ्या अचानक बंद झाल्यावर आकडीचे झटके येऊ शकतात. चौकशी पद्धतशीर व्हावी यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आठ प्रश्नांची ‘असिस्ट’ ही प्रश्नावली वापरता येते. तिच्या जोडीला गर्भधारणेची चाचणी, एचआयव्ही, कावीळ ब व क यांच्या चाचण्या, आत्महत्येच्या विचारांची विचारणा आणि आधी झालेल्या हिंसेची नोंद व्हावी. चाचण्या संमतीनेच कराव्यात. प्रजननविषयक इतिहासाची माहिती वा तपासणी नाकारण्याचा अधिकार बँकॉक नियमांनी तिला दिलेला आहे.

एक प्रश्न वैद्यकीय अर्जावर सहसा नसतो आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा : या क्षणी तुमची मुले कोणाकडे आहेत? अटक अचानक झालेली असेल तर लहान मूल शेजाऱ्याकडे किंवा एकटे असू शकते. ते सुरक्षित असल्याचे कळेपर्यंत ती दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाकडे लक्ष देऊ शकत नाही. एक फोन करू देणे हा येथे उपचाराचाच भाग आहे.

दुसरी पायरी : पहिला आठवडा आणि विथड्रॉअल

विथड्रॉअल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, हा ‘केल्याचे फळ’ म्हणून सोसू द्यायचा, ही वृत्ती अजूनही अनेक ठिकाणी दिसते. तिचे परिणाम जीवघेणे असतात, आणि ते पदार्थानुसार बदलतात.

दारूच्या बाबतीत थरथर, घाम आणि अस्वस्थता शेवटच्या सेवनानंतर सहा ते चोवीस तासांत सुरू होते. झटके साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत येतात. आणि भ्रम, ताप, प्रचंड गोंधळ अशी गंभीर अवस्था उद्भवलीच तर ती दुसऱ्या ते चौथ्या दिवसांदरम्यान दिसते. ही अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेंझोडायझेपिन या शामक गटातील औषधे उतरत्या मात्रेत द्यावी लागतात आणि मेंदूला इजा होऊ नये म्हणून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्या स्त्रीच्या गोळ्या एकदम बंद न करता काही आठवड्यांत हळूहळू उतरवाव्यात.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचा त्रास सहा ते बारा तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. निरोगी व्यक्तीला तो सहसा मारत नाही असे म्हटले जाते, परंतु सतत उलट्या-जुलाब होत असताना पाणी व क्षार भरून काढले नाहीत तर कोठडीत मृत्यू होऊ शकतो आणि असे मृत्यू झालेले आहेत. आधीच अशक्त आणि रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अधिक असतो. कोकेन, मेथॅम्फेटामिन यांसारख्या उत्तेजकांचा शारीरिक त्रास तुलनेने सौम्य असला तरी त्यानंतर येणारे नैराश्य खोल असते, आणि त्या दिवसांत आत्महत्येच्या दृष्टीने जवळून लक्ष ठेवावे लागते. लक्ष ठेवणे म्हणजे एकांतकोठडीत टाकणे नव्हे. एकटेपणाने धोका वाढतो.

गर्भवती स्त्री : येथे नियम उलटा आहे

अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्या गर्भवतीला ‘बाळासाठी तरी ताबडतोब सोड’ असे सांगणे स्वाभाविक वाटते, परंतु तो सल्ला चुकीचा आहे. अचानक बंद केल्याने गर्भपात, अकाली प्रसूती आणि पुन्हा सेवन सुरू होणे यांचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा स्त्रीला शक्य तेव्हा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या तलफ शमवणाऱ्या पर्यायी औषधांवर स्थिर ठेवण्याची शिफारस करतात. शेवटच्या तिमाहीत शरीरातील बदलांमुळे मेथाडोनची मात्रा वाढवावी लागू शकते. ती वाढ म्हणजे व्यसन बळावल्याचे लक्षण नव्हे, हे कर्मचाऱ्यांना आणि तिलाही समजावून सांगावे. जन्मानंतर बाळाला विथड्रॉअलची लक्षणे दिसू शकतात. ती तात्पुरती आणि उपचारांनी बरी होणारी असतात. बाळाला आईजवळ ठेवणे आणि दुसरे वैद्यकीय कारण नसल्यास स्तनपान देणे यांनी ती सौम्य होतात, त्यामुळे मायलेकरांची ताटातूट करण्यासाठी आईचे औषध हे कारण पुरेसे नाही. प्रसूतिकळा, प्रसूती आणि त्यानंतरचा लगेचचा काळ यांत बेड्या वापरण्यास बँकॉक नियमांचा २४ वा नियम संपूर्ण मनाई करतो.

याउलट दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या गर्भवतीला रुग्णालयातील देखरेखीखाली त्या उतरवण्याची गरज असते. आणखी एक गोष्ट सहज निसटते. अफूजन्य पदार्थांमुळे बंद पडलेली मासिक पाळी उपचार सुरू झाल्यावर परत येते. आपल्याला मूल होणार नाही असे गृहीत धरलेल्या स्त्रीला सुटकेनंतर नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. गर्भनिरोधनाची माहिती याच टप्प्यावर द्यावी.

तिसरी पायरी : औषधोपचार सुरू ठेवणे

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात दीर्घकालीन औषधोपचार हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे आणि कारागृहांत सर्वाधिक विरोधही त्यालाच होतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. नियमित मात्रेत ती तलफ शमवतात, नशेची लाट उठू देत नाहीत आणि शरीराचा सराव टिकवून ठेवतात. सुटकेनंतरच्या ओव्हरडोसपासून संरक्षण मिळते ते यामुळेच. इंग्लंडमधील २०१७ च्या एका अभ्यासात, असे औषध चालू असताना सुटलेल्या कैद्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यू औषध नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे ७५ टक्के कमी आढळले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये आपल्या कारागृहांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे देण्यास सुरुवात केली. २०१६ आणि २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांची तुलना केली असता नुकत्याच सुटलेल्यांचे ओव्हरडोसने झालेले मृत्यू २६ वरून ९ वर आले.

‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत निघतो. त्यावर लांबलचक वाद घालण्यापेक्षा वरचे आकडे समोर ठेवावेत आणि औषधावर असलेली स्त्री काम करू शकते, झोपू शकते, मुलाशी फोनवर शांतपणे बोलू शकते, हे अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहू द्यावे. औषध बराकीत विकले जाण्याची भीती मात्र खरी आहे. त्यासाठी देखरेखीखाली औषध द्यावे आणि ते घेतल्यानंतर तिला थोडा वेळ तेथेच थांबवून ठेवावे. जेथे उपलब्ध असेल तेथे आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा टोचायचे ब्युप्रेनॉर्फिन हा चांगला मार्ग आहे. कोणाकडे दुसरीचे औषध सापडले तर शिक्षा म्हणून उपचारच बंद करू नयेत. तिच्यावर ते देण्यासाठी दबाव होता का, हे आधी पाहावे. स्त्रियांच्या बराकीत असा दबाव पुष्कळदा असतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. शरीरात हेरॉइन शिल्लक असताना ब्युप्रेनॉर्फिनची पहिली मात्रा दिली तर तीव्र विथड्रॉअल एकदम उसळतो. म्हणून लक्षणे स्पष्टपणे सुरू होईपर्यंत थांबावे. नाल्ट्रेक्सोन हे तिसरे औषध नशेचा परिणाम रोखते, पण शरीराचा सराव टिकवत नाही. ते घेणाऱ्या स्त्रीला ते बंद झाल्यानंतरच्या धोक्याची स्पष्ट कल्पना द्यावी. उत्तेजकांच्या व्यसनासाठी मान्यताप्राप्त औषध नाही. तेथे वर्तनाधारित उपचार, विशेषतः प्रत्येक निर्व्यसनी टप्प्यावर छोटे ठरलेले बक्षीस देण्याची पद्धत, सर्वाधिक परिणामकारक ठरली आहे. औषध घ्यायचे की नाही हा निर्णय तिचा असतो, आणि ते नाकारले म्हणून समुपदेशनाचे दार बंद होऊ नये.

चौथी पायरी : समुपदेशन, आणि आघाताची जाणीव

गट लहान असावा, फक्त स्त्रियांचा असावा, आणि तो चालवणारी व्यक्ती आघातग्रस्तांशी, म्हणजे हिंसा-अत्याचाराचा मानसिक धक्का सोसलेल्यांशी, काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेली असावी. समोरच्या व्यक्तीला सर्वांदेखत खडसावून ‘मला व्यसन नाही’ हा तिचा ‘नकार मोडून काढण्याची’ जुनी पद्धत स्त्रियांच्या गटात पूर्णपणे टाळावी. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे ओरडणे आणि मार सोसला आहे, ती अशा बैठकीत सुधारत नाही, ती बधिर होते आणि मान डोलावायला शिकते. त्याचप्रमाणे अत्याचाराची हकीकत सांगण्याची सक्ती करू नये. सुरुवातीचे आठवडे झोप, राग, भीतीचे झटके आणि तलफ यांना तोंड देण्याची साधी कौशल्ये शिकवण्यात घालवावेत; भूतकाळ उघडायचा की नाही, केव्हा आणि किती, हे तिने ठरवावे. सुटका चार दिवसांवर आली असताना जखम उघडणे बेजबाबदारपणाचे आहे.

तलफ कशाने उठते याचा शोध घेताना पुरुषांच्या कार्यक्रमांतील उदाहरणे फारशी उपयोगी पडत नाहीत. मित्रांची बैठक, पगाराचा दिवस यांऐवजी येथे जोडीदाराचा फोन, मुलांच्या ताब्याची नोटीस, अंगचटीला येणारा नातेवाईक, वजन वाढल्याची लाज असे प्रसंग पुढे येतात. प्रत्येकीने आपले प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहावेत किंवा लिहिता येत नसल्यास सांगून लिहून घ्यावेत, आणि प्रत्येक प्रसंगापुढे ‘तेव्हा मी कोणाला फोन करेन’ याचे उत्तर असावे. नैराश्य, आघातोत्तर ताण यांसारख्या मानसिक आजारांचे उपचार त्याच काळात, त्याच पथकाकडून व्हावेत. ‘आधी व्यसन सुटू दे, मग बघू’ असे म्हणून पुढे ढकललेले उपचार पुढेच राहतात.

समुपदेशनाच्या खोलीत तासभर मिळवलेला विश्वास बराकीच्या दारात अंगझडतीने घालवता येतो. कपडे उतरवून झडती घेणे लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीसाठी त्या अत्याचाराची पुनरावृत्ती असते. बँकॉक नियम यासाठी स्कॅनरसारखे पर्याय वापरण्याची सूचना करतात. म्हणून प्रशिक्षण केवळ समुपदेशकांना देऊन भागत नाही. चाव्या ज्यांच्या हातात असतात त्या महिला शिपायांनाही ते द्यावे लागते, आणि माझ्या मते उपलब्ध वेळ थोडा असेल तर आधी त्यांनाच द्यावे.

न्यायाधीन स्त्रियांची अडचण वेगळी आहे. त्यांना जामीन केव्हा मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. सकाळी न्यायालयात गेलेली स्त्री संध्याकाळी परत येतच नाही. बारा आठवड्यांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम त्यांच्यासाठी निरुपयोगी असतो. त्यांच्यासाठी प्रत्येक सत्र स्वतःत पूर्ण असावे, पहिल्याच सत्रात ओव्हरडोसची माहिती द्यावी, आणि उपचारपत्राची एक प्रत पहिल्या आठवड्यापासून तयार ठेवावी, म्हणजे न्यायालयातूनच सुटका झाली तरी ती रिकाम्या हाताने जाणार नाही.

पाचवी पायरी : मुले

मुलांना परत मिळवणे ही अनेक स्त्रियांची व्यसन सोडण्यामागची सर्वांत प्रबळ प्रेरणा असते, आणि त्याचमुळे ती सर्वांत धोकादायकही असते. मुले मिळण्याच्या आशेवर उभारलेला निश्चय न्यायालयाच्या एका नकाराने कोसळतो. म्हणून समुपदेशकाने खोटी आशा दाखवू नये. ताब्याबाबतची कायदेशीर स्थिती वकिलाकडून नेमकी समजून घेऊन तिला सांगावी, पुढच्या तारखा लिहून द्याव्यात, आणि निकाल विरुद्ध गेला तर त्या रात्री कोण तिच्याबरोबर असेल हे आधीच ठरवावे.

दरम्यान संपर्क तुटू देऊ नये. भेटी शक्यतो काचेआडून न होता स्पर्श करता येईल अशा व्हाव्यात. मुलाला ‘आई परगावी कामाला गेली आहे’ असे सांगितलेले असते. सत्य कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाशी बोलून ठरवावे. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून मुलांच्या भेटी बंद करण्याला बँकॉक नियमांत मनाई आहे. हे येथे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की लघवीच्या चाचणीत नशा आढळली की सर्वांत आधी हीच शिक्षा सुचवली जाते.

सहावी पायरी : सुटकेपूर्वीचे तीन महिने

सुटकेची तारीख माहीत असेल तर किमान तीन महिने आधी लेखी योजना तयार व्हावी आणि ती तिच्यासोबत बसून तयार व्हावी. पहिला मुद्दा राहण्याच्या जागेचा. ज्या घरात पदार्थ आहे किंवा मारहाण आहे त्या घराचा पत्ता ‘कुटुंबाकडे परत’ म्हणून अर्जावर समाधानाने लिहिला जातो. तिला एकांतात विचारल्याशिवाय तो लिहू नये. सुरक्षित निवारा, मुलांसह राहता येईल असे उपचारकेंद्र किंवा विश्वासातील नातेवाईक, यांपैकी जे शक्य असेल ते आधी प्रत्यक्ष बोलून निश्चित करावे. व्यसन आहे म्हणून स्त्रीनिवाऱ्यात प्रवेश नाही आणि हिंसेची पार्श्वभूमी आहे म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात जागा नाही, अशा कात्रीत अनेकजणी सापडतात. दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थापकांशी या प्रश्नावर आगाऊ बोलणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, सुटलेल्या स्त्रीचे नव्हे.

ओळखपत्र, बँक खाते, औषधाची मात्रा व शेवटची दिलेली तारीख नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र, पहिल्या भेटीची निश्चित वेळ, आणि ती भेट होईपर्यंत पुरेल इतके औषध या गोष्टी दाराबाहेर पडताना तिच्या हातात असाव्यात. बाहेरच्या केंद्रातील कार्यकर्तीने सुटकेपूर्वी निदान दोनदा आत येऊन तिची भेट घ्यावी. कागदावरच्या नावापेक्षा ओळखीच्या चेहऱ्याकडे जाणे सोपे असते. उपचारांतील सातत्य ही कृपा नव्हे : कैद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तील २४ वा नियम व्यसनोपचारांसह सर्व आरोग्यसेवेत समाजातील दर्जा आणि सातत्य यांची अपेक्षा करतो.

सुटकेचा वार आणि वेळ क्षुल्लक वाटतात, पण तसे नाही. आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सुटलेल्या स्त्रीला पुढचे दोन दिवस ना दवाखाना उघडा मिळतो ना निवाऱ्याचे कार्यालय. इंग्लंड आणि वेल्ससाठी २०२३ मध्ये याबाबत स्वतंत्र कायदा झाला आणि शुक्रवारी येणारी सुटका एक-दोन कामाचे दिवस अलीकडे आणण्याची मुभा मिळाली. तशी कायदेशीर सोय नसेल तेथेही सकाळी लवकर सोडण्याची विनंती अधीक्षकांना करता येते.

नॅलोक्सोन आणि ओव्हरडोसचे प्रशिक्षण

हा भाग प्रत्येकीला आणि तिच्या घरच्यांनाही शिकवावा. नॅलोक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम काही मिनिटांत उलटवणारे औषध नाकात फवारून किंवा टोचून देता येते; स्कॉटलंडने २०११ पासून राष्ट्रीय पातळीवर ते वाटण्यास सुरुवात केली आणि सुटणाऱ्या कैद्यांचा त्यात समावेश केला. घरच्यांना इतके समजले पाहिजे : हाक मारून आणि हलवून जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर पडले आहेत, तर रुग्णवाहिका बोलवावी, नॅलोक्सोन द्यावे, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, आणि श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवून ठेवावे. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्धीवर आली तरी एकटे सोडू नये.

तिला स्वतःला सांगण्याची गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती न लाजता सांगावी : पुन्हा घेण्याची वेळ आलीच, तर पूर्वीची मात्रा आता जीव घेईल; एकटीने, दार लावून घेऊ नकोस; दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेऊ नकोस. सुरुवातीला उल्लेखिलेल्या इंग्लंड-वेल्सच्या अभ्यासात स्त्रियांच्या मृत्यूंत पुरुषांपेक्षा अधिक वेळा झोपेच्या गोळ्या, कोकेन आणि नैराश्यावरची काही जुनी औषधे सापडली होती. असे बोलणे म्हणजे नशेला परवानगी देणे, असे काहींना वाटते. माझा अनुभव असा की ज्या स्त्रीला हे सांगितलेले असते तीच घसरल्यावर फोन करते.

सातवी पायरी : दाराबाहेर

पहिल्या दिवशी दारात कोणीतरी उभे असावे. शक्य झाल्यास स्वतः त्याच वाटेवरून गेलेली स्त्री. तेथून थेट औषधकेंद्रात, मग राहण्याच्या जागी, हा क्रम मोडू नये. पहिल्या दोन आठवड्यांत रोज संपर्क, पुढे तीन महिने आठवड्यातून एकदा, आणि त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा, एवढे किमान असावे. पुढाकार कार्यकर्तीने घ्यावा. ‘गरज पडली तर ये’ हे निमंत्रण सर्वाधिक गरजेच्या वेळी कोणीच स्वीकारत नाही.

या काळात तिच्यावर एकाच वेळी परिवीक्षा कार्यालयाच्या तारखा, न्यायालयाच्या तारखा, दवाखाना, कामाचा शोध आणि मुलांच्या भेटी येऊन पडतात. एक तारीख चुकली की पुन्हा अटक, अशी व्यवस्था असेल तर तिचे वेळापत्रक लिहून देणे आणि टकरावणाऱ्या तारखा कार्यालयांशी बोलून बदलून घेणे हे समुपदेशनाइतकेच महत्त्वाचे आहे. कामधंद्याबाबत थोडक्यात : कारागृहात शिकवले जाणारे शिवणकाम-भरतकाम बाहेर पोट भरण्याइतके मिळवून देत नसेल तर ते मन रमवण्याचे साधन म्हणून ठेवावे, रोजगार प्रशिक्षण म्हणून नव्हे, आणि पहिल्या महिन्यातच पूर्णवेळ काम धरण्याचा आग्रह धरू नये.

घसरण होईल असे धरूनच चालावे. एकदा सेवन झाले म्हणजे सर्व संपले, अशी समजूत तिचीही असते आणि घरच्यांचीही, आणि त्या समजुतीमुळे एका दिवसाची चूक महिनाभर लांबते. पहिला प्रश्न ‘का घेतलेस’ असा नसावा. ‘आता सुरक्षित आहेस का, औषध चालू आहे का’ असा असावा. कारण नंतर शोधता येते. परिवीक्षा अधिकाऱ्यांनी चाचणीत नशा आढळल्याबरोबर थेट कारागृहात परत पाठवण्याऐवजी भेटी वाढवणे, औषधाची मात्रा तपासणे, निवासी उपचारांकडे पाठवणे असे टप्पे आधी वापरावेत, अन्यथा घसरलेली स्त्री दवाखान्यातच यायचे थांबते.

घरच्यांनी पाळत आणि आधार यांतला फरक ओळखावा. पाकीट तपासणे, फोन वाचणे, प्रत्येक उशिरावर जाब विचारणे यांनी ती घराबाहेर ढकलली जाते. पैशांबाबत मात्र स्पष्ट ठरवून घेणे रास्त आहे, आणि तिचे औषध कोणत्याही समारंभासाठी, प्रवासासाठी किंवा ‘आता बरी झालीस’ म्हणून बंद करण्याचा सल्ला देऊ नये. ते केव्हा आणि किती हळू उतरवायचे हे डॉक्टर आणि ती मिळून ठरवतील. काहींना ते अनेक वर्षे लागते.

नोंदी कशाच्या ठेवाव्यात

बहुतेक अहवालांत किती स्त्रियांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि किती प्रमाणपत्रे वाटली हे लिहिलेले असते. त्यावरून काहीही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक तिमाहीत पाच गोष्टी मोजाव्यात : सुटलेल्यांपैकी किती जणी सात दिवसांच्या आत बाहेरच्या केंद्रात पोहोचल्या, तीन महिन्यांनंतर किती जणींचे उपचार चालू आहेत, किती जणींना सुरक्षित निवास मिळाला, किती जणींकडे सुटताना नॅलोक्सोन होते, आणि वर्षभरात किती जणी दगावल्या. शेवटचा आकडा मिळवण्यासाठी कारागृह, दवाखाना आणि मृत्यू नोंदणी कार्यालय यांत माहितीची देवाणघेवाण करावी लागते, तिला गोपनीयतेची चौकट लागते आणि म्हणून तो सहसा कोणी काढत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नव्हे, तर साखळीतील कोणता दुवा तुटला हे पाहण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पथकांनी एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत ठरलेला बदल पुढच्या सुटणाऱ्या स्त्रीच्या योजनेत त्याच आठवड्यात लिहिला जावा.